आकडा केंद्राचा, श्वास रस्त्यावरचा

एक घनमीटर हवेत पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, १०० दाखवतो आणि त्या हवेला ‘समाधानकारक’ असा शेरा देतो. अमेरिकेच्या पद्धतीने मोजले तर याच हवेचा आकडा १५४ च्या आसपास जातो आणि शेरा मिळतो ‘आरोग्यास अपायकारक’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी घालून दिलेली मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम. आपली ‘समाधानकारक’ हवा या मर्यादेच्या चौपट घाण असू शकते. दोन मोबाइलवरच्या दोन अ‍ॅपमध्ये एकाच गावाचे दोन वेगळे आकडे दिसतात त्याचे मुख्य कारण हेच. अशा वेळी एक्यूआयचा आकडा बाजूला ठेवून थेट मायक्रोग्रॅम पाहावेत. सगळ्या पट्ट्यांच्या मुळाशी तेच मोजमाप असते.

आपली पट्टी २०१५ मध्ये आली. तिच्यात आठ प्रदूषके धरली आहेत आणि त्यांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वात जास्त, तोच त्या दिवसाचा आकडा ठरतो. पीएम २.५ साठीच्या पायऱ्या पाठ करून ठेवण्याजोग्या आहेत. ६० मायक्रोग्रॅमला १००, ९० ला २००, १२० ला ३०० आणि २५० ला ४००. पायऱ्यांची उंची सारखी नाही हे यात दिसते. २०० वरून ३०० ला जायला ३० मायक्रोग्रॅम पुरतात, तर ३०० वरून ४०० ला जायला १३० लागतात. ५०० ला पट्टी संपते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा अधिकृत आकडा ४९० च्या वर गेला होता. त्यापलीकडे हवा कितीही बिघडली तरी सरकारी पट्टीवर ते दिसायला जागाच उरत नाही.

या आकड्याची आणखी एक मर्यादा आहे आणि रोज प्रवास करणाऱ्याला तीच जास्त भोवते. पीएम २.५ चा एक्यूआय ही २४ तासांची सरासरी असते, आणि ती ठरावीक जागी उभ्या केलेल्या मापन केंद्राची असते. तुम्ही मात्र सकाळी साडेआठला सिग्नलवर, बसच्या धुराड्यामागे, उघड्या रिक्षात बसलेले असता. या दोन हवांत किती फरक असतो हे दिल्लीत मोजले गेले आहे. २०१० मध्ये जोशुआ आपटे या संशोधकाने सहकाऱ्यांसह रिक्षात उपकरणे ठेवून मोजमापे घेतली. रिक्षातल्या हवेत पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला सुमारे १९० मायक्रोग्रॅम आढळले, शहराच्या सर्वसाधारण हवेच्या जवळपास दीडपट. त्याहूनही बारीक कणांची संख्या तर आठपटीच्या पुढे होती. तेव्हापासून इंधन सुधारले आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे मानक लागू झाले आणि इंधनातल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० वर आली. पण वाहनेही वाढली, आणि धुराच्या उगमापासून हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला शहराच्या सरासरीहून वाईट हवा मिळते हे मूळ गणित तसेच आहे.

आता मुंबईचा हिवाळ्यातला एक दिवस घेऊ. हिशेब माझा आहे आणि गृहीतके उघड मांडतो, म्हणजे कुणालाही आपल्या दिवसाचे आकडे घालून तो पुन्हा करता येईल. शहरातली हवा ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक्यूआय साधारण १६५ आणि शेरा ‘मध्यम’. खिडक्या उघड्या असलेल्या घरात आणि कचेरीत ६० धरू. मोठ्या रस्त्यावर चालताना आणि रिक्षात दीडपट, म्हणजे १२०. लोकलमध्ये ८०. माणूस झोपेत तासाला सुमारे ०.३ घनमीटर हवा आत घेतो, बसून काम करताना ०.५, उभ्याने ०.६ आणि झपझप चालताना १.५. झोप आठ तास, घरात जागेपणी चार, कचेरीत साडेआठ, चालणे एक तास, रिक्षा एक तास, लोकल दीड तास.

गुणाकार केला की झोपेत १४४ मायक्रोग्रॅम कण श्वासावाटे आत जातात, घरी जागेपणी १२०, कचेरीत २५५, चालताना १८०, रिक्षात ६० आणि लोकलमध्ये ७२. बेरीज ८३१. प्रवासाचे साडेतीन तास म्हणजे दिवसाचा जेमतेम १५ टक्के वेळ, पण त्यात दिवसभराच्या धुळीपैकी ३१२ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ३८ टक्के वाटा येतो. एकट्या चालण्याच्या तासाचा वाटा २२ टक्के आहे. एरवी सर्वात आरोग्यदायी म्हणावा असा हा तास सर्वात महाग पडतो, कारण तेव्हा श्वासही मोठा असतो आणि हवाही रस्त्याची असते.

म्हणून चालणे सोडावे का? मुळीच नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी व्यायामाचा फायदा आणि प्रदूषणाचा तोटा एकाच तराजूत घातला. वर्षभराची सरासरी १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातही तोटा फायद्याला मागे टाकतो तो रोज दीड तासाहून जास्त सायकल चालवल्यावर किंवा दहा तासांहून जास्त चालल्यावर, असा त्यांचा निष्कर्ष होता. बदलायची आहे ती जागा आणि वेळ. वरच्या हिशेबातला तासभर मुख्य रस्त्याऐवजी आतल्या गल्लीतून काढला आणि तिथली हवा ८० धरली, तर १८० चे १२० होतात. वेळेबाबत आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे की पहाटेची हवा शुद्ध असते. हिवाळ्यातल्या शहरात ती खरी नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर त्याखाली कोंडतो. ऊन चढून झाकण सुटेपर्यंत नऊ-दहा वाजतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी, आणि दम्याचा त्रास असलेल्या प्रत्येकाने, फेरी उन्हे वर आल्यावर किंवा दुपारनंतर वारा सुटल्यावर काढावी. याला एक पैसाही लागत नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर कुठे? एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो; कडेने हवा शिरते म्हणून प्रत्यक्षात ८० टक्के धरू. चालण्याच्या आणि रिक्षाच्या दोन तासांत तो लावला तर २४० पैकी १९२ मायक्रोग्रॅम वाचतात, म्हणजे दिवसाच्या एकूण धुळीतले २३ टक्के. झोपण्याच्या खोलीत हवाशुद्धी यंत्र लावून ६० ची हवा २० वर आणली तर आठ तासांत ९६ वाचतात, म्हणजे जवळपास १२ टक्के. कामावर जाणाऱ्या निरोगी माणसाला मास्क यंत्राच्या दुप्पट उपयोगी पडतो आणि किंमत यंत्रापेक्षा कितीतरी कमी. तान्हे मूल, अंथरुणावरचा रुग्ण, दिवसभर घरात असणारी वृद्ध व्यक्ती यांच्यासाठी मात्र उत्तर उलटे येते. तिथे यंत्रच कामाचे. कापडी रुमालावर विसंबू नये. इतके बारीक कण तो फारसे अडवत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू तर साधा एन-९५ मास्कही अडवत नाही.

आतापर्यंतचा हिशेब रस्त्यावरून जाणाऱ्याचा झाला. रस्त्यावरच थांबणाऱ्याचा हिशेब मला जास्त अस्वस्थ करतो. नाक्यावरचा वाहतूक पोलीस आठ तास उभा असतो, हातवारे करतो, धावतो, शिट्टी फुंकतो. त्याचा श्वास तासाला ०.९ घनमीटर आणि हवा तीच १२० मायक्रोग्रॅमची धरली, तर एका पाळीत ८६४ मायक्रोग्रॅम होतात. कचेरीत जाणाऱ्याच्या २४ तासांपेक्षा हे जास्त आहे. उरलेल्या सोळा तासांचे ३८४ मिळवले की त्याचा दिवस १,२४८ वर जातो, म्हणजे दीडपट. दहा तास रिक्षा चालवणारा घरी पोचण्याआधीच ६०० घेतो. फेरीवाले, सिग्नलवर गजरे विकणाऱ्या बाया, सामान पोचवणारी दुचाकीवरची मुले, रस्ता झाडणारे सफाई कामगार यांचा हिशेब याच रांगेतला. झाडणाऱ्याच्या तर नाकासमोरच धूळ उडते. ‘घराबाहेर पडणे टाळा’ हा सरकारी सल्ला यांच्यापैकी कुणालाही पाळता येणारा नाही.

मुंबईला आजवर समुद्राने सांभाळून घेतले. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे अशी आलटापालट शहराचा धूर फार काळ साचू देत नसे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे वारे मंदावले आणि मुंबईचे आकडे काही दिवस दिल्लीशी बरोबरी करू लागले. ‘सफर’ या प्रकल्पाचे संस्थापक गुफरान बेग यांनी त्याचा संबंध सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निना या हवामानस्थितीशी जोडला. ‘सफर’ ही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची मापनव्यवस्था. ती २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत सुरू झाली, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. वाऱ्यामुळे झाकलेले वारा पडताच उघडे पडले, असा त्या हिवाळ्याचा अर्थ मला दिसतो. धूळ शहराचीच होती.

ती कुठून येते हे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रश्न हाती घेतल्यावर सर्वांसमोर आले. महापालिकेने त्याच महिन्यात बांधकामांसाठी नियम काढले. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फूट उंच पत्रे, कामावर हिरवे कापड, सतत पाणी, राडारोडा वाहणाऱ्या गाड्या झाकलेल्या. त्या वेळी शहरात सुमारे सहा हजार बांधकामे चालू होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्या व तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. लादी पावाची भट्टी गॅसवर न्यायला बेकरीवाल्याला मदत लागेल आणि ती द्यायला हवी, पण दिशा बरोबर आहे. धूर जिथे निघतो तिथेच तो थांबवायला हवा.

एकदा हवेत मिसळलेली धूळ गोळा करणे किती अशक्य आहे, हे दिल्लीच्या मनोऱ्यावरून मोजता येते. कॅनॉट प्लेसजवळ ऑगस्ट २०२१ मध्ये २४ मीटर उंचीचा हवाशुद्धी मनोरा उभा राहिला. त्याची सांगितलेली क्षमता सेकंदाला १,००० घनमीटर, म्हणजे दिवसाला ८.६४ कोटी. दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर. जमिनीपासून फक्त ५०० मीटरपर्यंतची हवा धरली तरी ती ७४ हजार कोटी घनमीटरच्या वर भरते. वारा नाही, नवा धूर नाही असे मानले तरी ही हवा एकदा गाळायला या मनोऱ्याला तेवीस वर्षांहून जास्त काळ लागेल.

पैसा जातो कुठे हेही पाहायला हवे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या यादीत सर्वाधिक शहरे आपल्या महाराष्ट्रातली आहेत. मुंबई-पुण्याबरोबर चंद्रपूर, जालना, लातूर, सांगलीसुद्धा. पण शहरांची प्रगती मोजली जाते ती पीएम १०, म्हणजे जाड धुळीवर. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये खर्चाचा आढावा घेतला तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीसाठी गेलेला होता, वाहनांसाठी १३ टक्क्यांहून कमी, उद्योगांसाठी एक टक्काही नाही. रस्ते धुतल्याने पीएम १० उतरते. फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जाणारे पीएम २.५ मुख्यतः जळण्यातून येतात: इंजिन, भट्टी, कोळसा, कचरा.

‘मध्यम’ हवेवर समाधान का मानू नये, याचे उत्तर जुलै २०२४ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ने छापलेल्या दहा भारतीय शहरांच्या अभ्यासात आहे. २००८ ते २०१९ मधल्या सुमारे ३६ लाख मृत्यूंच्या नोंदी त्यात तपासल्या. या शहरांतले ७.२ टक्के, म्हणजे वर्षाला ३३ हजारांहून जास्त मृत्यू पीएम २.५ शी निगडित निघाले. दिल्लीत सुमारे १२ हजार, मुंबईत ५,१००, पुण्यात जवळपास १,४००. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात. पण फक्त भारतीय मानकाच्या आतले, म्हणजे ६० पर्यंतचे दिवस पाहिले, तर ही वाढ २.६५ टक्के निघते. हवा स्वच्छ असते तेव्हा वाढलेला प्रत्येक मायक्रोग्रॅम जास्त घातक ठरतो. उलट बाजूने पाहिले तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांनी कमी केलेला प्रत्येक मायक्रोग्रॅम जास्त जीव वाचवतो.

या शहरांत पाऊस, तापमान, लोकलची वेळ फलकांवर दिसते. दादर, कुर्ला, सायन, घाटकोपर, स्वारगेट अशा गर्दीच्या नाक्यांवर, माणसाच्या नाकाच्या उंचीला, तासातासाचे मायक्रोग्रॅम दाखवणारी केंद्रे बसवता येतील. वाहतूक पोलिसांच्या पाळ्या त्या आकड्यांवर आखता येतील: हवा सर्वात वाईट असते त्या सकाळच्या आणि रात्रीच्या तासांत माणसे दर दोन तासांनी बदलायची, सर्वांना नीट बसणारे मास्क द्यायचे आणि वर्षातून एकदा फुप्फुसांची क्षमता तपासायची. आठ तासांतले चार तास नाक्यावरून चौकीत हलवले आणि तिथे बसून काम दिले, तर माझ्या हिशेबातले ८६४ मायक्रोग्रॅम ५५२ वर येतात, मास्क न लावतासुद्धा.