पेशीतील हमाल आणि म्हातारपण

आपल्या संस्थेचे अनेक जुने सभासद आता निवृत्त झाले आहेत. ‘तारुण्य टिकविणाऱ्या’ गोळ्यांची जाहिरात त्यांच्यापैकी काहींच्या वाचनात येते आणि मग ते आम्हांस विचारतात, हे एनएडी म्हणजे काय? पेन्शनमधून त्यावर पैसे घालावेत काय? विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाही हा विषय उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडीत आहोत.

१९०६ साली इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन व विल्यम यंग यीस्टवर प्रयोग करीत होते. यीस्टच्या रसातून एक लहानसा, उकळूनही नष्ट न होणारा घटक गाळून वेगळा केला की साखर आंबण्याची क्रिया थांबे. तो परत मिसळला की ती पुन्हा सुरू होई. या घटकात जे होते तेच एनएडी, म्हणजे निकोटिनामाइड ॲडेनिन डायन्यूक्लिओटाइड. (नावातील ‘निकोटिन’ वाचून कोणी तंबाखूचे समर्थन करू नये!)

पेशीत त्याचे काम हमालाचे आहे. अन्नाचे विघटन होताना सुटणारे इलेक्ट्रॉन उचलायचे, ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेकडे पोहोचवायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. या फेऱ्यांत हमाल संपत नाही. परंतु पेशीची दुसरीही कामे आहेत आणि त्यांत एनएडीचा रेणू मोडला जातो. डीएनए तुटल्यावर दुरुस्तीसाठी तो खर्च होतो. सर्ट्युइन नावाची प्रथिनेही त्याच्यावाचून चालत नाहीत, हे २००० साली अमेरिकेत शिनइचिरो इमाई व लेनर्ड ग्वारेंट यांनी दाखविले. यातील एका प्रथिनाचे जनुक जादा दिले असता यीस्ट अधिक काळ जगते, हे १९९९ सालीच दिसले होते. म्हणूनच एनएडीचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला गेला.

वय वाढते तशी अनेक ऊतींत एनएडीची पातळी उतरते. उंदरांत याचे एक कारण २०१६ साली सापडले. सीडी ३८ हे एनएडी मोडणारे विकर वयाबरोबर वाढत जाते. म्हणजे उत्पन्न तेवढेच आणि खर्च जास्त, असा हा संसार.

एनएडी अगदीच कमी पडल्यास काय होते, हे आपल्या दख्खनने पाहिलेले आहे. ते नायसिन या जीवनसत्त्वापासून बनते. नायसिन मिळाले नाही की पेलाग्रा होतो. कातडी काळवंडते, जुलाब लागतात, पुढे बुद्धिभ्रम होतो. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग आढळे. ज्वारीतील जादा ल्युसीन त्यास कारण असावे, असे मत हैदराबादच्या डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडले. ते सर्वमान्य झाले नाही. पण रोग गरिबीचा होता, याविषयी आम्हांस शंका नाही.

आता गोळ्यांविषयी. त्यांनी रक्तातील एनएडी वाढते, हे खरे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २५ स्त्रियांपैकी काहींना १० आठवडे रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन दिले. त्यांचे स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. वजन वा रक्तदाब मात्र बदलला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात याच जातीचे दुसरे औषध, एनआर, उंदरांना दिले गेले. त्यांचे आयुष्य वाढले नाही. माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा तर कोठेच नाही.

उलट, नियमित व्यायामाने स्नायूंतील एनएडी पुन्हा घडविणारे विकर वाढते, आणि ते वयस्कांतही. नायसिनसाठी शेंगदाणे आहेतच. १०० ग्रॅममध्ये ते सुमारे १२ मिलिग्रॅम असते आणि प्रौढाची रोजची गरज साधारण १५ मिलिग्रॅमची आहे. मासे आणि मटण यांतूनही ते मिळते. मात्र गोळीच्या रूपाने नायसिन मोठ्या मात्रेत घेतल्यास अंग लाल होऊन भगभगते, यकृतासही इजा होऊ शकते. ज्यांनी अशी बाटली आधीच आणली असेल त्यांनी ती आपल्या डॉक्टरांना दाखवावी, आणि मधुमेहाची चालू गोळी तिच्या भरवशावर बंद करू नये.