होम थिएटरला गच्चीवरची एरियल

घरात हौसेनं आणलेल्या होम थिएटरच्या मागच्या बाजूला एक छोटी जोडणी असते. वर ‘एफएम ७५ ओहम’ असं लिहिलेलं असतं. एचडीएमआय, स्पीकर, सबवूफर अशा सगळ्या वायरी जागच्या जागी लागतात, पण या जोडणीत खोक्यातून आलेली दीड मीटरची केसासारखी बारीक तार अडकवली जाते आणि कपाटामागे सोडून दिली जाते. मग कधी तरी कोणी रेडिओ लावतो, खरखर ऐकतो आणि म्हणतो, ‘रेडिओ आता कुठे राहिलाय!’

रेडिओ आहे. भोपाळच्या आकाशात आज विविध भारती १०३.५ वर आहे, खाजगी वाहिन्या ९२.७, ९३.५, ९४.३ आणि ९८.३ वर आहेत. अवधपुरीपासून श्यामला हिल्स सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटर. एफएमसाठी हे अंतर काहीच नाही. तरीही आपल्या हॉलमध्ये आवाज फाटतो, याचं कारण अंतरात नाही, भिंतीत आहे. मधे अरेरा हिल्सचा उंचवटा, त्यापुढे गोविंदपुरा, भेलची वसाहत आणि आता अवधपुरीत दर वर्षी उभ्या राहणाऱ्या नव्या बिल्डिंगा. शेवटी आपलीच आरसीसीची भिंत, आत लोखंडी सळयांची जाळी. लहर या सगळ्यांवर आपटत, वळत येते. एकच गाणं दोन-तीन वाटांनी किंचित मागेपुढे पोहोचतं आणि एकमेकांना खोडतं. त्यात कपाटामागे सेट टॉप बॉक्स, राउटर, एलईडी दिव्यांचे ॲडॉप्टर यांची भुणभुण असतेच. अशा जागी एरियल ठेवणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलणं.

आमच्याकडे हा विषय निघाला तो बाबांमुळे. भेलमधून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर टर्बाइनच्या आवाजात काम केलेला. आता डोळे साथ देत नाहीत. मोबाइलवर ॲप उघडा, खाली सरकवा, जाहिरात बंद करा, हे त्यांना जमत नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी ‘जरा लावून दे रे’ म्हणावं लागतं. ते म्हणणं त्यांना आवडत नाही. रिमोटवरचं एक बटण बोटांनी चाचपून दाबायचं आणि समोरच्या मोठ्या स्पीकरमधून विविध भारती स्वच्छ ऐकू यायची, एवढीच त्यांची मागणी होती. दुपारी मी आणि बायको दोघंही कामात असतो, तेव्हा त्यांना कोणाची वाट पाहावी लागू नये, हा माझा हेतू.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला एरियलचं नवल नव्हतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मोठा आग्रही! लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावलं. लघुलहरींवर एवढ्या दूरचं स्टेशन पकडायचं म्हणून गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची जाळीदार पट्टी ताणली जायची आणि तिची वायर खिडकीच्या फटीतून खाली रेडिओपर्यंत यायची. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली. रेडिओसाठी पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत, तो काळ १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होता. एवढं सगळं करून ऐकणाऱ्यांना आपली ती केसासारखी तार दाखवली तर ते हसतील.

आता मुद्द्याचं. एफएमची एरियल घरी करता येते, आणि ती करायला इंजिनीअर असावं लागत नाही. गणित एकदाच करायचं. ३०० ला आपल्या फ्रीक्वेन्सीनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. भोपाळची स्टेशनं ९२.७ ते १०३.५ च्या दरम्यान आहेत, म्हणून मध्य ९८ धरा. लहर तीन मीटरच्या किंचित वर, तिचा अर्धा दीड मीटर, आणि धातूच्या टोकांमुळे पडणारा फरक म्हणून त्यातून सुमारे पाच टक्के वजा. उरले १.४५ मीटर. म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ नळीचे प्रत्येकी ७२-७३ सेंटिमीटरचे दोन तुकडे. ते प्लॅस्टिकच्या पाइपवर एका रेषेत बसवायचे, मधे दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडायची, तुकडे एकमेकांना टेकता कामा नयेत. याला डायपोल म्हणतात.

वायर कोणती? डिश टीव्हीला लागते तीच, आरजी-६. ती ७५ ओहमची असते आणि डायपोलही साधारण ७३ ओहमचा, त्यामुळे जोडी जमते. मधली तार एका नळीला, बाहेरची जाळी दुसऱ्या नळीला, घट्ट स्क्रूनं. जोड पावसापासून झाका. एरियलच्या अगदी जवळ त्याच वायरचे पाच-सहा वेढे, वितीएवढ्या व्यासाचे, गुंडाळून टेपनं बांधा. याचा उपयोग असा की वायरची जाळी स्वतः एरियल बनून घरातली भुणभुण गोळा करत नाही. वीस मीटर वायरीत सिग्नल एक-सव्वा डेसिबल कमी होतो, त्याची चिंता नको. खालच्या टोकाला आपल्या सेटला बसेल ती पिन लावायची: काहींना डिशसारखी आट्यांची लागते, काहींना जुन्या टीव्हीसारखी सरळ खोचायची. दोन्हींमधला कन्व्हर्टर इलेक्ट्रिकलच्या दुकानात सहज मिळतो. सगळा खर्च पाच-सहाशे रुपये.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं. गच्चीवरून डिशची वायर आधीच खाली येते, तिलाच फाटा मारू, असा विचार करू नका. त्या वायरीतून बॉक्स वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, ते रेडिओच्या तोंडात जाता कामा नयेत. एफएमची वायर वेगळीच हवी.

डायपोल ज्या दिशेला टोकं करतो तिकडचं त्याला सर्वांत कमी ऐकू येतं, आडव्या अंगाला जास्त. अवधपुरीतून शहर पश्चिमेला, म्हणून नळ्यांची टोकं उत्तर-दक्षिण. सुरुवात तिथून करा, मग एक जण खाली ऐकत बसेल आणि एक जण वर फिरवेल. उभा धरूनही पाहा. कधी कधी फूटभर सरकवल्यानं जो फरक पडतो तो हजार रुपयांच्या बूस्टरनंही पडत नाही. बूस्टर आपल्याकडे नकोच. दहा किलोमीटरवर सिग्नल मुळात जोरदार आहे, बूस्टर तो गोंधळासकट वाढवेल आणि सेट भांबावेल. ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी पश्चिमेच्या बाल्कनीच्या कठड्याला बांधलं तरी चालतं, फक्त लोखंडी ग्रिलपासून हातभर लांब. गच्चीवर लावायची तर सोसायटीच्या सचिवांना आधी विचारा, विजेच्या तारांपासून दूर राहा, आणि जून ते सप्टेंबर गडगडाट सुरू झाला की खालची पिन काढून ठेवा.

एवढं करूनही मागे बारीक फुसफुस राहिली तर सेट मोनोवर टाका. स्टिरिओमध्ये डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झवर वेगळा पाठवलेला असतो आणि तोच भाग सर्वांत आधी खरखरतो. बोलण्याच्या कार्यक्रमांना स्टिरिओचा काय फायदा?

अमेरिकेतल्या भावाकडून सेट आणणाऱ्यांसाठी थोडं. ११० व्होल्टचं तर तुम्हाला माहीतच आहे. तिकडचे काही सेट एफएमवर फक्त विषम दशांशावर थांबतात, पण भोपाळची वर सांगितलेली सगळी स्टेशनं योगायोगानं तशीच आहेत, त्यामुळे निभावतं. आवाज मात्र जरा दबका वाटेल, कारण तीव्र सुरांची भरपाई तिथे वेगळ्या मापानं करतात. मध्यम लहरींवर अडचण पक्की: ते दहा-दहाच्या पावलांनी चालतात, आपण नऊ-नऊच्या.

आणि मराठी? ही एरियल भोपाळचं हिंदी रेडिओविश्व तुमच्या हॉलमध्ये आणेल, नागपूर किंवा पुण्याचं एफएम आणणार नाही. तेवढ्या अंतराला पृथ्वीची गोलाई आडवी येते. मराठी बातम्या, भावगीतं, नभोनाट्य यांसाठी आकाशवाणीचं ॲप आणि इंटरनेट हाच रस्ता, हे मान्य करायला हवं. आमच्याकडे तशी वाटणी झाली आहे: दिवसा बाबांचं बटण नंबर एक, त्यावर उंचवटा यावा म्हणून फेव्हिकॉलचा एक थेंब वाळवलाय. रात्री जेवणानंतर मोबाइल मी जोडतो आणि आई सांगेल ते मराठी लागतं. सेटसोबत आलेली मध्यम लहरींची चौकोनी प्लॅस्टिकची चौकटही मी आता खिडकीशी टांगली आहे. बाबांच्या तरुणपणी पिपलानीच्या क्वार्टरमध्ये रात्री नागपूर लागायचं, ५८५ वर. सूर्य मावळला की वातावरणाचा लहरी शोषणारा थर विरतो आणि त्या दूर जातात. अलीकडे देशातली बरीच मध्यम लहरींची केंद्रं बंद झाली आहेत, तरी रविवारी रात्री दिवे आणि राउटर बंद करून आम्ही दोघं काटा फिरवत बसणार आहोत.