विषबाधेचा माग काढायचा तर

६ फेब्रुवारी २०२४ रोजी, षट्तिला एकादशीच्या दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे संत बाळूमामांच्या कार्यक्रमाला जमलेल्या भाविकांनी संध्याकाळी भगर-आमटीचा प्रसाद घेतला. उत्तररात्रीपासून मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू झाले आणि बाधितांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. लोह्याचे उपजिल्हा रुग्णालय अपुरे पडले, तेव्हा रुग्णांना नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह इतरत्र हलवावे लागले. त्याआधी मे २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात लग्नाच्या पंगतीनंतर तीनशेहून अधिक लोक आजारी पडले होते. अशा प्रत्येक बातमीच्या शेवटी एक वाक्य असते: अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत. ते छापून आले की विषय मिटतो. तपासणी होते, अहवालही येतो. पण आपण नमुन्याला विचारतो तो प्रश्न फार तोकडा आहे. अन्न खाण्यास असुरक्षित होते का, एवढेच आपण विचारतो आणि त्याचे उत्तर सलाईन लावून पडलेल्या माणसाला आधीच ठाऊक असते. आजार घडवणारा जीव कुठून आला आणि याआधी तो कुठे दिसला होता, हे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर काढण्याची पद्धत आज हाताशी आहे. नांदेड-लातूरला उणीव आहे ती हे काम पंचवीस-तीस वर्षे धरून बसू शकेल अशा विद्यापीठीय संशोधकाच्या जागेची.

आजची तपासणी कुठवर पोहोचते ते आधी पाहू. जेवण आणि पहिली उलटी यांमधला वेळ हा डॉक्टरांच्या हातातला पहिला धागा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू अन्नातच विष तयार करून ठेवतो, त्यामुळे एक ते सहा तासांत त्रास सुरू होतो. बॅसिलस सिरियसचे दोन प्रकार आहेत: एक तितक्याच लवकर उलट्या घडवतो, दुसरा सहा ते पंधरा तासांनी जुलाब. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स साधारण सहा ते चोवीस तास घेतो. साल्मोनेलाला सहा तासही पुरतात आणि कधी काही दिवसही लागतात. संध्याकाळी जेवून उत्तररात्री आजारी पडलेल्या माणसाच्या बाबतीत या यादीतली एकाहून अधिक नावे शिल्लक राहतात, म्हणजे केवळ घड्याळावरून निकाल लागत नाही. त्यात भगरीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. तिच्यावर बुरशी लवकर धरते आणि बुरशीची विषे शिजवूनही जातीलच असे नाही, म्हणून अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत सुटी भगर किंवा तिचे पीठ घेऊ नका, असे बजावत असते. दुसरीकडे बॅसिलस सिरियसचे बीजाणू कोरड्या धान्यात मुक्कामाला असतात आणि उकळूनही टिकतात. हजार माणसांसाठी शिजवलेला मोठा टोप झाकून ठेवला की त्याच्या मध्यभागी तासन्‌तास कोमटपणा राहतो आणि बीजाणूंना रुजायला तेवढे पुरते. गावात मात्र बहुतेकदा एकच कारण सांगितले जाते: पाल पडली. आपल्या घरातली पाल विषारी नसते. तिच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, इतकाच तिचा संबंध. पण पालीवर बोट ठेवले की धान्याचा व्यापारी, टँकरचे पाणी, आचाऱ्याच्या हातावरची जखम आणि टोप किती वेळ पडून राहिला, या सगळ्यांची चौकशी थांबते.

ही चौकशी पुढे नेते ती जनुकीय अनुक्रमणाची, म्हणजे जीवाणूचा जनुकसंच वाचण्याची, पद्धत. जीवाणूचा जनुकसंच म्हणजे काही दशलक्ष अक्षरांचा मजकूर. साल्मोनेलाचा सुमारे ४८ लाख अक्षरांचा. पेशी दुभंगताना त्याची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा त्यांच्यापुढे जो पेच होता, त्याच जातीचा हा पेच आहे. दोन पोथ्यांत नेमक्या त्याच ओवीत नेमकी तीच चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असे मानावे लागते. रुग्णाच्या शौचातला जीवाणू आणि गोदामातल्या पोत्यातला जीवाणू यांच्या मजकुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच फरक निघाला, तर दोघांचा उगम जवळचा. शेकड्यांनी निघाला, तर त्या पोत्याचा या आजाराशी संबंध नाही. जीवाणूचा पहिला संपूर्ण जनुकसंच, हिमोफिलस इन्फ्लुएन्झाचा, १९९५ साली वाचला गेला तेव्हा तो जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांचा पराक्रम होता. आज एका जीवाणूसाठी काही हजार रुपये पुरतात आणि तळहातावर मावेल असे यंत्रही मिळते.

जीवाणू असे ताडून पाहण्याचे मोल आणि त्यावाचून होणारे नुकसान, दोन्ही २०११ साली जर्मनीत एकदम दिसले. ई. कोलाय जीवाणूच्या एका घातक प्रकाराने तिथे सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी घाईने स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवले. काकड्यांवरचा जीवाणू रुग्णांमधल्या जीवाणूशी जुळत नाही, हे कळेपर्यंत स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल उकिरड्यावर गेला होता. पुढे माग लागला तो मोड आलेल्या मेथीचा. इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्याची एकच खेप जर्मनी आणि फ्रान्स या दोन्ही देशांतल्या आजारामागे असावी, असा निष्कर्ष निघाला. मेथी आपल्या रोजच्या जेवणातली; कोरडे बियाणे इतके लांब आजार वाहून नेऊ शकते, ही गोष्ट डाळ आणि धान्याच्या व्यापारावर उभ्या असलेल्या लातूरने नीट ध्यानात घ्यावी अशी आहे.

हे सारे श्रीमंत देशांचे सोहळे आहेत, हा पहिला आक्षेप. त्याला दक्षिण आफ्रिकेने उत्तर दिले आहे. २०१७-१८ मध्ये तिथे लिस्टेरिया जीवाणूची साथ आली. १,०६० रुग्णांची नोंद झाली आणि २१६ जण मरण पावले. महिनोन्‌महिने उगम सापडत नव्हता. मात्र तिथल्या राष्ट्रीय संस्थेने प्रांताप्रांतांतून आलेले जीवाणू जपून ठेवले होते आणि त्यांचे अनुक्रमण चालू ठेवले होते, त्यामुळे बहुतेक रुग्णांत एकच वंश आहे हे ठाऊक होते. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोच्या एका पाळणाघरातली मुले आजारी पडली, तिथल्या फ्रीजमधल्या मांसाच्या पदार्थात लिस्टेरिया सापडला आणि माग थेट कारखान्यापर्यंत गेला. तुलनेला जुने जीवाणू हाताशी होते म्हणून हे जमले.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. एकट्या जनुकसंचाला काही अर्थ नसतो. तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. ताडून पाहण्यासाठी आजार नसलेल्या काळातले जीवाणू हवेत: उदगीरच्या दुधातले आणि खव्यातले, नांदेडच्या कोंबडी बाजारातले, लातूरच्या डाळमिलमधले, उन्हाळ्यातल्या टँकरच्या आणि विंधन विहिरीच्या पाण्यातले, वाण्याकडच्या भगरीतले. असा संग्रह तीन वर्षांच्या प्रकल्पात होत नाही. पीएच.डी.चा विद्यार्थी जीवाणू वेगळे काढतो, प्रबंध लिहितो, मौखिक परीक्षा होते आणि तो नोकरीच्या शोधात निघतो. त्याच्या मागे त्या नळ्यांकडे पाहणारे कोणी उरत नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती आज महिना ३७,००० रुपये आहे, ती चांगलीच आहे, पण मुदत संपली की संपते. संग्रहाची किंमत मात्र दर वर्षी वाढत जाते, कारण पाच वर्षांपूर्वीचा जीवाणू आजच्या रुग्णात पुन्हा दिसला तर दूषित जागा पाच वर्षे तशीच आहे, एवढे एका चाचणीत कळते. म्हणून हे काम कायम नेमणुकीच्या प्राध्यापकाचे आहे, आणि अशा प्राध्यापकाच्या कारकिर्दीचे मोजमाप शोधनिबंधांच्या संख्येवर करणे घातक आहे. नेहमीच्या देखरेखीतले शंभर सामान्य जीवाणू कोणतेही नामांकित नियतकालिक छापणार नाही. तपासाला उपयोगी पडतात ते तेच.

विद्यापीठच कशासाठी, सरकारी प्रयोगशाळा का नको? अन्न सुरक्षा कायद्याने अन्न विश्लेषकाला नमुना हाती आल्यापासून चौदा दिवसांत अहवाल देण्याचे बंधन घातले आहे आणि ते योग्यच आहे. खटल्यासाठी तेवढी शिस्त लागते. पण अहवाल गेल्यावर जीवाणू जपून ठेवणे, परक्या जिल्ह्यातल्या जीवाणूशी तो जुळतो का हे पाहणे, हे त्या टेबलाचे काम नव्हे. शिवाय सगळे घटक इथे आधीच आहेत. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडजवळ विष्णुपुरीला आहे, त्याचे उपकेंद्र लातूरजवळ पेठला. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे जैवतंत्रज्ञान महाविद्यालय, आणि नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये. रुग्ण, जनावर, दूध आणि धान्य यांच्याकडे पाहणाऱ्या संस्था दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात असूनही त्यांचे जीवाणू एका फ्रीजरमध्ये येत नाहीत. अनुक्रमणाचे यंत्र इथे असलेच पाहिजे असेही नाही. डीएनए बाहेर पाठवता येतो. अडते ते त्याच्या आधी: रुग्णाला प्रतिजैविक देण्यापूर्वी शौचाचा नमुना घेणे, तो वेळेत पोहोचवणे, जीवाणू वाढवणे, उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर वीज गेली तरी चालू ठेवणे, आणि कोणती नळी कोणत्या गावची याची चोख नोंद.

याहून वजनदार आक्षेप असा की साबण, स्वच्छ पाणी आणि झाकलेले अन्न यांनी जे होईल ते जनुकशास्त्राने होणार नाही, आणि रुग्णाला तर शेवटी क्षारसंजीवनीच द्यायची आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बीजाणू धान्यातून आले असतील तर आचाऱ्याने दहा वेळा हात धुऊनही ते राहतील. तिथे शिजवणे आणि वाढणे यांतला वेळ कमी करावा लागेल. स्टॅफिलोकॉकस असेल तर हाताच्या जखमा पाहाव्या लागतील, साल्मोनेला असेल तर पाणी, अंडी, कोंबडी. स्वच्छतेचा पैसा आणि माणसे नेमकी कुठे लावायची, हे उगम कळल्याशिवाय ठरत नाही. क्षारसंजीवनीने आजचा रुग्ण बरा होतो; त्याच गोदामातली पोती पुढच्या एकादशीला दुसऱ्या गावच्या पंगतीला गेली तर तिथला आजार तिने टळणार नाही.

पद्धतीच्या मर्यादाही मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. विष बुरशीचे असेल तर जीवाणूंचा जनुकसंच ते दाखवणार नाही, त्यासाठी रासायनिक चाचणीच लागेल. बॅसिलस सिरियसचे उलटीचे विष उष्णतेला दाद देत नाही. पुन्हा गरम केलेल्या अन्नात विष राहते आणि ते बनवणारा जीवाणू मेलेला असू शकतो. दोन जीवाणू किती जुळले म्हणजे उगम एकच, याची काटेकोर रेषा नसते. कोण काय जेवले, कधी जेवले याची गावोगाव फिरून केलेली विचारपूस सोबत असावीच लागते. अर्धवट पुराव्यावर एखाद्या लहान मिलमालकाचे नाव पुढे आले तर तो उद्ध्वस्त होईल, ही भीतीही रास्त आहे. पण आज अफवेच्या जोरावर तेच घडते, आणि स्पेनच्या काकड्यांना निर्दोष ठरवले ते जीवाणूंच्या ओळखपरेडनेच.

सुरुवात कुठून करायची याला वर्षाचा सणवार वाट दाखवतो. आषाढी, कार्तिकी, महाशिवरात्री यांच्या पंधरा दिवस आधी दोन्ही जिल्ह्यांच्या बाजारांतून भगर, साबुदाणा आणि शेंगदाणे गोळा करता येतील. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातच माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. माणसे आणि जनावरे लाखांच्या घरात एकत्र येतात, तेव्हा तिथले पाणी आणि खाद्यपदार्थ तपासता येतील. मिळालेला प्रत्येक जीवाणू विष्णुपुरीला राहावा आणि त्याची दुसरी प्रत पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जावी. एक प्राध्यापक, एक कायम तंत्रज्ञ, एक फ्रीजर आणि त्याला जोडलेले जनरेटर एवढा खर्च दोन जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांना जड नाही. प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात निघेल तेव्हा संग्रह सांभाळण्याची जबाबदारी तीत लिहिलेली असावी, आणि बढतीच्या वेळी जमा केलेले जनुकसंच शोधनिबंधांइतकेच मोजले जावेत.