न फुलणारा हायड्रेंजिया

उन्हाळ्यांत पांचगणीस गेलेल्या मंडळींस तेथील बंगल्यांच्या आवारांतील हायड्रेंजियाचे निळे, गोल गुच्छ ठाऊक असतीलच. अशाच एका झाडाची फांदी आमच्या मातोश्रींनीं सांगलीस आणून कुंडींत लाविली. रोप तरारलें, पानें तळहाताएवढीं झालीं. परंतु तीन वर्षें फूल म्हणून नाहीं! येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्यास 'वांझ' म्हणत. तो शब्द ऐकला कीं आमच्या धाकट्या वहिनी मुकाट्यानें आंत निघून जात.

अखेर दोष झाडाचा नव्हे, आमच्या कात्रीचा निघाला. पावसाळा सरून गारवा पडूं लागला कीं या झाडाच्या जुन्या फांद्यांच्या शेंड्यांत फुलांचे डोळे धरतात व पुढील उन्हाळ्यांत उमलतात. आम्ही मात्र दर पौषांत झाड नीटनेटकें करण्याच्या हौसेनें नेमके तेच शेंडे छाटीत होतों! वर खताचा मारा. त्यानें नुसता पाला माजतो. छाटणें असेल तर बहर सरतांच छाटावें. शिवाय डोळे धरण्यास गारठा हवा. पांचगणी सुमारें १,३०० मीटर उंच, सांगली अवघी साडेपांचशेच्या आसपास. म्हणून आम्हीं कुंडी सकाळचें कोंवळें ऊन व दुपारची सावली मिळेल अशी हलविली आणि कात्री माळ्यावर टाकिली.

पुढील ज्येष्ठांत एकच गुच्छ आला; तोही गुलाबी! घाटमाथ्यावरील आम्ल, तांबड्या मातींतून झाडास ॲल्युमिनियम शोषतां येतें, म्हणून तेथें निळाई. कृष्णाकांठच्या चुनखडीच्या काळ्या मातींत तें साधत नाहीं. वहिनींनीं तो गुच्छ देवासाठींही तोडूं दिला नाहीं.