शेक्सपिअरच्या नाटकांचे आधुनिक इंग्रजी रूपांतर

विल्यम शेक्सपिअर (इ.स. १५६४ – इ.स. १६१६) याच्या नाटकांतील पद्य आजच्या व्यवहारातील इंग्रजीत आणण्याच्या प्रक्रियेस शेक्सपिअरचे आधुनिक इंग्रजी रूपांतर म्हणतात. भाषा एकच असली, तरी चारशे वर्षांचे अंतर ओलांडायचे असल्याने या कामात परभाषेतील अनुवादासारख्याच अडचणी येतात.

गरज

शेक्सपिअरचे इंग्रजी हे साधारणतः इ.स. १५०० ते १७०० या काळातील इंग्रजी होय. त्यातील अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारे शब्द वाचकाची अधिक फसगत करतात. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कोठे’ नव्हे, तर ‘का’. ‘फाँड’ हा शब्द तेव्हा अनेकदा ‘खुळा’ या अर्थी येई. अनोळखी शब्दासाठी वाचक शब्दकोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबतही नाही.

मर्यादा

मूळ पद्य बहुतांशी निर्यमक असून त्याच्या ओळीत सामान्यतः दहा उच्चारावयव व पाच आघात असतात. जुन्या शब्दाच्या जागी सोपा शब्द घातला की ही लय सहज बिघडते. ‘दाउ’ व ‘यू’ या सर्वनामांतील भेदही लोपतो. मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांप्रमाणे या भेदातून जवळीक, आदर, राग वा तुच्छता व्यक्त होई. प्रमाण इंग्रजीत आज ‘यू’ हे एकच रूप उरले आहे. त्यामुळे ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांसारख्या मराठी अनुवादकाला जो भेद राखणे शक्य होते, तो इंग्रजी रूपांतरकाराला सर्वनामांतून दाखवता येत नाही.

प्रयत्न आणि वाद

नेहम टेट याने इ.स. १६८१ मध्ये ‘किंग लिअर’ची भाषाच नव्हे, तर शेवटही बदलून तो सुखान्त केला. अलीकडच्या ‘नो फिअर शेक्सपिअर’ या विद्यार्थ्यांसाठीच्या मालिकेत मूळ संहिता आणि गद्य रूपांतर समोरासमोर छापलेले असते. अमेरिकेतील ओरेगॉन शेक्सपिअर महोत्सवाने इ.स. २०१५ मध्ये ३६ नाटककारांकडे ३९ नाटकांचे काम सोपवले. स्पष्ट असलेल्या ओळी तशाच ठेवाव्यात आणि मूळ छंद व अलंकार सांभाळावेत, अशी त्यात अपेक्षा होती.

या उपक्रमावर अभ्यासक जेम्स शपिरो यांनी टीका केली. अडचण भाषेची नसून नट व दिग्दर्शकांना ती नीट न उमगण्याची आहे, असे त्यांचे मत होते. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्होर्टर यांनी मात्र अशा रूपांतराचा पुरस्कार केला. प्रेक्षकाला रंगमंचावरील वाक्य ऐकताक्षणी समजावे लागते. वाचकाप्रमाणे टीपा पाहण्याची सवड त्याला नसते. म्हणून हा वाद पुस्तकापेक्षा प्रयोगाच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा ठरतो.