चकाकणारा जोड की टिकणारा जोड?

धंदा म्हटला की आमच्या तरुणांच्या डोळ्यांपुढे दुकान, हॉटेल नाहीतर आखाताचा व्हिसा, एवढेच उभे राहते. पण ज्याच्यावाचून दहा जणांचे अडते असा एखादा बारीक हुन्नर, हाही धंदाच आहे. अशाच एका हुन्नराची ओळख आज वाचकांना करून देत आहोत.

मुरूड तालुक्यातील आगरदांडा हे राजपुरी खाडीवरचे बंदर. समोर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी. मधून गाड्या वाहणारी फेरीबोट जाते-येते. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते आणि बोटींची इंजिने तेव्हाच उघडली जातात. त्याच दिवसांत आम्ही तेथे गेलो. एका वर्कशॉपात एक नाखवा मिस्त्रींशी हुज्जत घालत होता. "चाचा, तेलाच्या नळीचे हे जोड घासूनपुसून द्या. नवे कशाला?"

प्रश्न चार पैशांचा वाटतो, पण आहे अख्ख्या इंजिनाचा. पंप तळातले तेल उचलून फिल्टरमधून बेअरिंगपर्यंत दाबाने पोहोचवतो. फिल्टर किंवा कूलर इंजिनापासून दूर बसवला असेल तर तेल नळीवाटे बाहेर जाते आणि नळीवाटेच परत येते. त्या नळीचा जोड सुटला की थोड्याच वेळात तेल बोटीच्या तळाशी, बेअरिंग कोरडी आणि क्रँकशाफ्ट खलास! तेल तापलेल्या धुराड्यावर उडाले तर आगीचे भय वेगळेच. रस्त्यावर गाडी कडेला लावता येते; भर दर्यात बोट कोठे लावणार?

जोड अनेक जातींचे असतात. अमेरिका-इंग्लंडमधील हौशी लोक १९६० च्या दशकातल्या कोब्रा या स्पोर्ट्स गाडीच्या हुबेहूब प्रतिकृती बांधतात. त्यांच्या तेलनळ्यांना बहुधा अॅल्युमिनियमचे लाल-निळे जोड असतात. हा रंग म्हणजे अॅनोडायझिंगच्या पातळ थरात मुरवलेला रंग. तो उन्हाने विटतो, पान्याने ओरखडतो. पुन्हा चढवायचा तर जुना थर कॉस्टिकमध्ये काढावा लागतो आणि त्याबरोबर थोडा धातूही जातो. आटे आणि तेल अडवणारी निमुळती बैठक झिजते ती अशी. म्हणून मिस्त्रींचा नियम सरळ आहे: नुसता रंग गेला तर जोड तसाच वापरा, बैठकीवर ओरखडा किंवा खड्डा दिसला तर फेकून द्या.

बोटीवर मात्र हे जोड त्यांना मुळीच नकोत. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम पितळेला किंवा पोलादाला टेकले की अॅल्युमिनियमच खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी सुटते. पितळ बरे, पण त्यातले जस्त निघून गेले की ते गुलाबी दिसू लागते आणि ठिसूळ होते. अशा पितळेला पॉलिश करणे म्हणजे पोखरलेल्या वाशाला रंग देणे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी जोडाला वरवर गंज असेल तर साफ करून पुन्हा मुलामा देता येतो. आटे खाल्ले गेले असतील तर तो बदललाच पाहिजे.

खरी फसगत आट्यांत होते. पाव इंचाच्या ब्रिटिश पाइप आट्यात इंचाला १९ फेरे, अमेरिकन आट्यात १८. दोन फेरे सहज बसतात, मग अडतात. जोर करून आवळले की झाला गळका जोड. बैठकीचेही तसेच. ३७ अंशांची आणि ४५ अंशांची बैठक डोळ्यांना सारखी दिसते, पण एकमेकींवर नीट बसत नाही. अशा जोडावर कितीही टेप गुंडाळा, उपयोग नाही. उलट टेपचा धागा आत शिरून तेलाची वाट बुजवू शकतो. तांब्याचा वॉशर वापरून कडक झालेला असतो. तो लाल तापवून मऊ करता येतो, पण चेपलेला किंवा चिरलेला असेल तर नवाच घालावा.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. आटे मोजायचा गेज, कॅलिपर, नळीचे तोंड फुलवायचे हत्यार आणि कप्पे पाडलेली जोडांची पेटी एवढ्यावर सुरुवात होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम १ वर्षाचा आणि फिटरचा २ वर्षांचा आहे. पण हात बसतो तो उस्तादाजवळच.

आम्हांला अधिक आवडली ती मिस्त्रींची धंद्याची रीत. काढलेला प्रत्येक जोड ते गिऱ्हाइकाच्या हातात देतात. जोडणी झाली की इंजिन चालू करून, गरम होऊ देऊन, कोरड्या फडक्याने प्रत्येक जोड पुसून पाहतात. पहिल्या फेरीनंतर पुन्हा बोलावतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

त्या नाखव्याचे सहा जोड त्यांनी तपासले. चार साफ करून परत बसवले, दोन बदलले. सगळे बदलले असते तर कमाई जास्त झाली असती. सगळे घासून दिले असते तर गिऱ्हाईक त्या दिवशी अधिक खूष झाले असते. दोन्ही मोह त्यांनी टाळले. नाखव्याने गुलाबी पडलेला जुना जोड चिमटीत दाबला, त्याचा कपचा उडाला. मग तो काही बोलला नाही. पैसे मोजून दिले आणि दुसऱ्या बोटीचे कामही सांगून गेला.

हुन्नर शिकू इच्छिणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. पॉलिशने जोड चकाकतो, पण गिऱ्हाईक परत येते ते न गळणाऱ्या जोडासाठी.