पेटीपुराण, लेखांक ११ : मागे बसणाऱ्याच्या चाली

पेटीच्या आत बसवायचे पालिताण्याचे सूर, जर्मन सूर आणि ते घासून-घासून मिळवणारे कारागीर असा बेत या आठवड्यासाठी ठरला होता. तो पुढे ढकलतो. कारण दर्यापूरच्या एका वाचकबाईंचं पत्र. त्यांचा नातू पुण्यात पियानो शिकतो. त्याला पांचो व्लादिगेरोव्ह नावाच्या बल्गेरियन पियानोवादकाची एक रचना बसवायला मिळाली आणि त्यानं आजीला फोनवर सांगितलं, की या माणसानं एकोणिसाव्या वर्षी बर्लिनमधलं मोठं पारितोषिक मिळवलं होतं. आजी मला विचारतात : आपल्याकडे तरुणपणीच वाजवणारा आणि चालीही बांधणारा असा कोणी झाला का, की आपले पेटीवाले निस्ते गाणाऱ्याच्या मांगं-मांगंच?

शेवटचं वाक्य मला झोंबलं. आमच्या भातकुलीच्या भजनी मंडळातही हाच समज आहे. पेटीवाल्याला चहा शेवटी मिळतो. पण मागच्या वेळी आपण पायपेटीला रंगमंचासमोर नेऊन बसवलंच होतं, तेव्हा तिच्यावर बसलेल्या माणसाकडे वळायला हरकत नाही. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे गोविंदराव टेंबे.

जन्म ५ जून १८८१, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी. पेटी कोणापुढे बसून शिकले नाहीत. कोल्हापुरात तेव्हा देवल क्लबात गाण्याची बैठक असायची, शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते, आणि भास्करबुवा बखल्यांचं गाणं ऐकून तर या पोराचं भानच गेलं. पुढे त्याच भास्करबुवांच्या साथीला ते बसू लागले. साथ हीच त्यांची शाळा.

साथ म्हणजे काय, हे पेटी न वाजवणाऱ्याला सहसा कळत नाही. गवई तान घेतो तेव्हा पेटीवाल्याला ती आधी ठाऊक नसते. ती कानात पडत असतानाच बोटांतून निघायला हवी, क्षणभर मागे, पण सुटता कामा नये. गवई श्वास घ्यायला थांबला की ती पोकळी भरायची, ती त्याच्याच वाक्याचा शेवट धरून. स्वतःची हुशारी दाखवायला गेलात की गवई डोळे वटारतो. असं वर्षानुवर्षं करणाऱ्याला एक गोष्ट फुकटात मिळते : मोठ्या गवयाची जागा कुठून निघते, कुठे वळते आणि समेवर कशी येते, हे त्याला आतून दिसतं. शिष्याला गुरू हातचं राखून शिकवील. पेटीवाल्यापासून काय लपवणार? त्याच्या बोटांखालून सगळं गेलेलं असतं. गोविंदरावांतला संगीतकार या जागेवर बसून तयार झाला, असं माझं ठाम मत आहे.

आता १९११. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हापासून रीत अशी, की नाटककारानंच पदं लिहायची आणि चालीही त्यानंच निवडायच्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तले, ‘कीचकवधा’चे खाडिलकर. सरकारनं ‘कीचकवध’ बंद पाडलेलं. त्यांनी पहिलंच संगीत नाटक लिहायला घेतलं, ‘मानापमान’. चालींची जबाबदारी मात्र दिली गोविंदरावांवर. मराठी नाटकाला स्वतंत्र संगीत दिग्दर्शक मिळाला तो इथं, असं मानतात. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला तेव्हा गोविंदराव एकोणतीस वर्षांचे होते, भामिनी झालेले बालगंधर्व बावीस वर्षांचे. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली होती आणि तरी ते उभे राहिले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अवस्थेत ज्या गळ्यातून त्या चाली निघाल्या, त्यांचा बांधणारा कोण होता, हे फारसं कोणी सांगत नाही.

काम उलट्या क्रमानं चालायचं. आधी चाल, मग शब्द. गोविंदराव पेटीवर चाल वाजवून दाखवणार आणि खाडिलकर त्या मापात अक्षरं बसवणार. त्यामुळे खाडिलकरांची पदं वाचायला घेतली तर अडखळतात, मला तर कधीकधी खडीवर चालल्यासारखं वाटतं. गायला घेतली की तीच पदं वाहायला लागतात. हा गुण चालीचा. गोविंदरावांनी बनारस-लखनौकडच्या ठुमरी, दादरा, कजरीचा रस या नाटकात आणला. श्रीमंत भामिनी वनमाला बनून गरीब सैनिक धैर्यधराला जोखते, रुसवे-फुगवे चालतात. अशा गोष्टीला ख्यालाचं भारदस्तपण चाललं नसतं. ठुमरीत एकच बोल चार भावांनी म्हणता येतो, आणि बालगंधर्वांना दुसरं काय हवं होतं?

इथं आडवाटेला जातो, कारण मोह आवरत नाही. खाडिलकरांचं १९१६ सालचं ‘स्वयंवर’ ही तर आपल्या घरची गोष्ट. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली, वर्धेकाठची. आणि तिचा भाऊ रुक्मी, कृष्णाला हरवल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून फसलेला, त्यानं जे भोजकट वसवलं तेच आमचं भातकुली, असं इथं जुनी माणसं सांगतात. गावातल्या एका म्हाताऱ्या बुवांना मी ‘स्वयंवरा’ची पदं ऐकवली तर ते म्हणाले, “सारी गानी तिच्याच वाटची. रुक्म्याले एकही चांगली चाल काऊन नाही देल्ली बाप्पा?” त्या चालींसाठी मात्र गोविंदरावांना जाब विचारता येत नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, त्याच वर्षीच्या ‘विद्याहरणा’लाही चाली दिल्या, पण ‘स्वयंवर’ उभं राहीपर्यंत ते कंपनीतून बाहेर पडले होते. ‘स्वयंवरा’च्या चाली त्यांच्या आवडत्या भास्करबुवांच्या. साथीदाराच्या पाठोपाठ मुख्य गवईच त्या कामावर यावा, हा उलटा क्रम मला फार आवडतो.

आता बाईंच्या नातवाच्या व्लादिगेरोव्हकडे. जन्म १८९९ चा, झुरिकमधला. वाढला बल्गेरियातल्या शुमेन गावी. जुळा भाऊ ल्युबेन व्हायोलिन वाजवणारा. १९१८ आणि १९२० असं दोनदा मेंडेल्सोन पारितोषिक. पण मला रस त्यापुढच्या बारा वर्षांत आहे. १९२० पासून तो बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये, माक्स राइनहार्टच्या हाताखाली, नाटकांचं संगीत करायला होता. म्हणजे हाही कंपनीतलाच! नाटकाला लागेल तसं लिही, नटाला जमेल तसं बदल. स्ट्रिंडबर्गच्या एका नाटकासाठी केलेल्या संगीतातून त्यानं पुढे वाद्यवृंदासाठी सूट रचला. आपल्या मुलखातलं सूर-तालाचं धन त्यानं ‘वार्दार’ या रॅप्सडीत आणलं, तीही याच बर्लिनच्या काळातली, १९२२ ची. १९३२ साली तो सोफियाला परतला आणि शिकवायला लागला. आज तिथली संगीत अकादमी त्याच्याच नावानं ओळखली जाते.

त्याच १९३२ सालात गोविंदराव कोल्हापुरात ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे होते. तारामती दुर्गाबाई खोटे. संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन तेव्हा नव्हतं, तेव्हा अभिनय करत-करतच गायचं. मराठीतला हा पहिला बोलपट. पन्नाशी गाठलेल्या पेटीवाल्याची ही हिंमत पाहून मला अजून नवल वाटतं.

दोघांत एक फरक मात्र मोठा. व्लादिगेरोव्हनं सारं कागदावर उतरवलं, व्हिएन्नाच्या प्रकाशकानं छापलं, म्हणून नातू पुण्यात बसून त्याचा सूर न् सूर वाजवू शकतो. गोविंदरावांची चाल गळ्यात राहिली. बालगंधर्वांनी ती वन्समोअरगणिक फिरवली. १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’त धैर्यधर झालेल्या केशवराव भोसल्यांनी आपल्या ताकदीनं फेकली. आज आपण ऐकतो त्यातलं मूळ किती आणि गाणाऱ्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या मते काढूही नये.

बाईंनी नातवाला एक गंमत करायला सांगावी. ‘मानापमाना’तलं ठुमरीच्या अंगाचं एखादं पद ऐकून ते पियानोवर उतरवून पाहा म्हणावं. दोन स्वरांमधली मींड त्याला सापडणार नाही, कारण पट्ट्या सुट्या. पेटीवाल्याचीही तीच अडचण. तो शेजारच्या स्वराचा कण झटकन लावून, पट्टी दाबलेलीच ठेवून भात्याचा दाब हलका-जड करून मींडेचा भास उभा करतो. पियानोला भाता नाही. एकदा वाजलेला सूर आपला विरतच जातो. म्हणजे नातवाला दुसरी काही युक्ती काढावी लागेल. जमली तर मला जरूर कळवा. नेमक्या याच मींडेच्या तक्रारीवरून १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. गोविंदराव १९५५ मध्येच गेले. पण ते भांडण एका कडेला उरकण्यासारखं नाही. आधी पालिताण्याचे सूर, मग ते.